बोले ठराव हा कायदा नव्हता

"सी. के. बोले यांनी मंत्री असताना १९२३ मध्येच कायदा करून सगळे पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. मग १९२७ चा महाड सत्याग्रह कशाला? निव्वळ प्रसिद्धीसाठी!" हा मेसेज फिरत फिरत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पुतणीच्या ग्रुपवर पोचला आणि तिथली मुलं तो नोट्समध्ये उतरवून घेतायत. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

बोले मंत्री नव्हते, मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलचे सभासद होते. हे एका वाक्यात संपतं. खरा घोळ 'कायदा' या शब्दात आहे.

बोल्यांनी मांडलेला आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलने मंजूर केला तो ठराव, म्हणजे सरकारला केलेली शिफारस. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, एवढंच त्यात होतं. अडवणाऱ्याला दंड नाही, शिक्षा नाही. ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा आदेश काढला खरा. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांना कलेक्टरांनी 'शिफारस स्वीकारण्याचा विचार करा' एवढंच सुचवायचं होतं. आणि 'सगळे पाणवठे' कुठून आले? खासगी विहिरी ठरावात नव्हत्याच.

ठराव कागदावरच राहिल्याचा सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द बोले. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि बोर्डं ऐकत नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. सगळं खुलं झालं असतं तर तीन वर्षांनी हे मागायची वेळ का आली असती?

आता महाड. तिथल्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण एकाही अस्पृश्याला घागर बुडवता आली नाही. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायले, तर परतणाऱ्यांना मारहाण झाली आणि शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कायदा असता तर तो असा मागे घेता आला असता का? डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. त्या निकालातही प्रश्न बोले ठरावाचा नव्हता. अस्पृश्यांना वगळण्याची पूर्वापार रूढी वादींना सिद्ध करायची होती, ती त्यांना करता आली नाही, म्हणून ते हरले.

एक गोष्ट मान्य. बोल्यांना आपण विसरलो आहोत. भंडारी समाजातल्या, गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा काढणाऱ्या या माणसाचं नाव पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरतं उरलंय. पण त्यांना मोठं करायला महाडला लहान करायची गरज नाही. १९२७ मध्ये लोक तळ्यावर चालत गेले, ते बोले ठरावाने कागदावर दिलेला हक्क प्रत्यक्ष बजावायलाच.