पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जॅकेट लागतंच

शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट कशाला, फुगणारी जॅकेटं भरवशाची नसतात, एक लाइफबॉय (पडलेल्याकडे फेकायचं तरंगतं कडं) आणि लांब दोर असला की झालं, पडलेल्याला दोघं जण ओढून घेतात. यावर विसंबून कुणी खरेदी टाळली तर जिवावर बेतेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पोहण्याचं. एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा नामांकित दर्यावर्दी. जून १९९८ मध्ये रात्रीच्या वेळी, वेल्सजवळच्या समुद्रात, शीड बदलताना शिडाच्या काठीचा फटका बसून तो पाण्यात पडला. अंगावर ना जॅकेट होतं, ना हार्नेस, म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा. सोबत्यांना तो सापडला नाही. पाच नॉट, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटर, वेगाची बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. शिडं सावरून ती वळवेपर्यंत लाटांत दिसायला उरतं ते शहाळ्याएवढं डोकं. आणि फटक्याने शुद्धच हरपली तर पोहणार कोण? १५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट अशा माणसाला बहुतेक वेळा उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं. ५० न्यूटनच्या फोमच्या बंडीकडून ती अपेक्षा ठेवू नका.

फुगणाऱ्या जॅकेटांबद्दलची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. एका सफरीआधी मी जॅकेट उलगडून आतला गॅसचा सिलिंडर चिमटीत धरला, तर तो जवळजवळ दोन आटे सैल निघाला. तसाच पाण्यात गेला असता तर जॅकेट फुगलंच नसतं. पाण्यात गोळी विरघळली की आपोआप फुगणारं जॅकेट आपल्या पावसाळी दमटपणात कपाटातच फुगू शकतं. पाण्याच्या दाबाने फुगणारं महाग पडतं, पण तो त्रास नाही. म्हणजे जॅकेट टाकून द्यायचं नाही, दर सफरीआधी तपासायचं. मांड्यांमधून जाणारा पट्टा तर हवाच. नाहीतर जॅकेट कानांपर्यंत वर चढतं आणि माणूस खाली लोंबतो.

दोर तरंगणारा घ्या. नायलॉनचा बुडतो आणि पंख्यात अडकतो. रात्रीसाठी लाइफबॉयला दिवा बांधा.

सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे ‘दोघं जण ओढून घेतात’. मांडव्याजवळ, वारा पडलेला असताना, नांगर टाकून आम्ही हे करून पाहिलं. मैत्रीण साठ-बासष्ट किलोची, शुद्धीवर, हसत होती. बोटीचा काठ पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच. आम्ही दोघांनी तिचे दंड धरले, तर ओल्या कापडी बाह्या हातातून निसटत राहिल्या आणि ती कमरेपर्यंतही वर आली नाही. तिसऱ्या खेपेला माझे हात थरथरत होते.

मग गळपट्ट्यासारखी स्लिंग तिच्या काखांखालून घातली. शीड चढवायच्या दोराला जोर सहापट करणारी कप्पी लावून कप्पीच्या दोराचं टोक विंचवर, म्हणजे हँडलने फिरवून दोर ओढायच्या रहाटावर, घेतलं. मी एकटीने हँडल फिरवलं आणि ती काठावरून आत आली. फार वेळ पाण्यात राहिलेल्याला तर शक्यतो आडवंच उचलावं लागतं, कारण उभं उचलताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्यासाठी गुडघ्यांखाली दुसरा पट्टा लागतो.

तो पट्टा आमच्याकडे त्या दिवशी नव्हता. आता स्लिंगच्याच पिशवीत असतो.