‘नुसत्या बादल्या पाहून ६०० रुपये घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमच्या बोअरचं लाल पाणी पाहायला चार दिवस उशिरा आलो ही आमची चूक, माफी असावी. रोवणीचे दिवस होते, धानाच्या बांधीवरचे मोटरपंप एकामागून एक जळत होते. तरी एक फोन करायला हवा होता, तो राहिला.

पण पाहणीच्या ६०० रुपये फीवरून ‘दोन तास बादल्या पाहत बसले, दुरुस्ती काहीच नाही, लुटारू आहेत’ हे जे लिहिलं ते लागलं. खेड्यावरचं दुकान नावावर चालते जी. एक स्टार पाहिला की पुढचा माणूस फोनच करत नाही. म्हणून त्या दोन तासांचा हिशोब इथंच देतो.

बोअरचं पाणी लाल येते म्हणजे एकच बिघाड नसतो. लोखंड पाण्यात विरघळलेलं असू शकते, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचा गंज असू शकतो, टाकीतला थर असू शकतो, नाहीतर केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये वरच्या भागात बसवलेल्या पाईपच्या, फटीतून माती येत असते. रंग सारखाच दिसतो, इलाज चार वेगळे. फरक कळतो तो पांढऱ्या बादलीत, आणि त्याला वेळच द्यावा लागतो.

तुमच्याकडं पंप आधी १५ मिनिटं चालू ठेवला, मग पाणी टाकीत जायच्या आधीच्या तोंडातून एक बादली भरली. त्याच पाण्याची एक बाटली काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता बूच लावलं. दोन्ही भरताना काचेसारखी स्वच्छ होती. साधारण ४० मिनिटांनी उघड्या बादलीत पिवळट झाक आली, तासाभरात तळाशी विटकरी भुकटी बसायला लागली. बाटली तशीच स्वच्छ. तुम्ही स्वतः ती उजेडात धरून पाहिली होती. याचा अर्थ लोखंड विरघळलेलं आहे, हवा लागली की गंजून खाली बसते. माती असती तर बाटलीही पहिल्यापासून गढूळ दिसली असती.

स्वयंपाकघराची तोटी तासभर बंद ठेवायला सांगितली, ती यासाठी. उघडल्यावर पहिला तांब्या तांबडा, त्यात गंजाच्या खपल्या. तीन मिनिटं वाहू दिल्यावर खपल्या थांबल्या. हा बोअरचा दोष नाही, टाकीपासून ओट्यापर्यंतच्या जुन्या जीआय पाईपचा आहे. टाकीचं झाकण काढलं तर तळाशी शेंदरी, बुळबुळीत थर. लोखंडावर वाढणाऱ्या जंतूंचा असतो तो, हात लावला की शेवाळासारखा घसरतो.

आता सांगा, तुम्ही म्हणत होता तसा पहिल्याच दिवशी आरओ बसवून दिला असता तर? त्याचा पडदा लोखंडानं लवकरच तुंबला असता. बोअरवर लोखंडाचा फिल्टर टाकला असता तरी पाईपचा गंज फिल्टरच्या पुढं आहे, तोटी लालच राहिली असती. तेव्हा मात्र आम्ही खरंच लुटारू ठरलो असतो.

रिव्ह्यूसोबतच्या फोटोतली लाल बादली आमच्या भेटीनंतर दोन दिवसांनी भरलेली आहे. मधल्या दिवशी तुम्ही बोअरमध्ये अर्धा किलो ब्लीचिंग पावडर कोरडीच ओतली, हे फोनवर तुम्हीच सांगितलं. ब्लीचिंगनं लोखंड जात नाही, उलट विरघळलेलं सगळं एकदम गंजून पाणी लाल होते. तुमची बोअर साडेसहा इंची, १८० फूट, पाणी ४० फुटांवर. एका फुटात साडेसहा लिटर धरले तर १४० फुटांत ९१० लिटर. एवढ्या पाण्याला जंतू मारायला ताजी ब्लीचिंग १४० ग्रॅम पुरते. तीही बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणीच सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वास जाईपर्यंत पंप चालवून बाहेर काढायचं. टाकीत घ्यायचं नाही.

फिल्टरच्या आधी पाण्याची तपासणी करा हे तेव्हाही सांगितलं होतं, आता परत सांगतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला आहे. पिण्याच्या पाण्यात लोखंडाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, पण ०.३ च्या वर गेलं की पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात. आकडा हातात आल्याशिवाय किती मोठा फिल्टर लागेल हे सांगणं म्हणजे अंदाजपंचे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लोखंडाचं पाणी नवीन नाही, पण दोन शेजारच्या बोअरचाही आकडा सारखा नसतो. आणि फिल्टर बसला तरी दर दोन-तीन दिवसांनी १० मिनिटं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, घरच्यांनाच करावं लागेल, ते चुकलं की पाणी पुन्हा लाल.

पाहणीची फी आधी सांगत जाऊ, दुकानात बोर्डही लावू. वेळेचंही पाहतो आहोत. पाईप आमच्याकडून बदलला तर हे ६०० त्यातून वजा होतील. हे त्या दिवशी चहा घेतानाच सांगितलं होतं, रिव्ह्यूत मात्र आलं नाही.

रिपोर्ट येईपर्यंत टाकी घासून घ्या, सकाळचं पहिलं पाणी झाडांना सोडा, आणि बोअरमध्ये आता दुसरं काही टाकू नका.