डब्याखालच्या त्रिकोणातील आकड्याविषयी खुलासा

ऐरोलीतील आमच्या सोसायटीच्या गटावर फिरणारा, आणि घाईत मीही पुढे पाठवलेला, एक संदेश असे सांगतो की प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोणात जो आकडा असतो तितकीच वर्षे तो डबा वापरावा. हे खरे नाही.

तो आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये, टाकून दिलेल्या वस्तूंची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून, ही पद्धत सुरू केली. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे ‘पेट’ (PET) प्लास्टिक, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्यात थर्माकोलचे पेलेही आले, आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. आयुर्मानाचा त्यात कुठेही संबंध नाही.

काल मांडणीवरचे डबे उलटे करून पाहिले, तेव्हा गरम आमटी ओतून ओतून पिवळा पडलेला, आत घासणीचे चरे उमटलेला डबा ५ क्रमांकाचा निघाला. तो बाद करायचा तो त्या चऱ्यांमुळे, आकड्यामुळे नव्हे. डबा अन्नासाठी आहे का, हे पेला-काट्याच्या चिन्हावरून पाहावे, आणि तसे असले तरी गरम वा तेलकट पदार्थ स्टीलच्या डब्यातच काढावेत, असे माझे मत. या संदेशापायी धडधाकट डबे कचऱ्यात टाकून नवे आणले, तर घरातले प्लास्टिक उलट वाढेल. अशा धडधाकट डब्यांत कडधान्ये खुशाल ठेवता येतात.

हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.