दोन रात्रींची सहलही पुरते

कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतली की महिनाभराची रजा काढून देशभर फिरल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत, हे अशा गाड्यांवरील एका लेखात वाचलेले मत मला पटले नाही. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. नोव्हेंबरात गाडी हाती आल्यापासून शुक्रवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर गाठायचे, वेश्वी-बागमांडला फेरीने बाणकोटची खाडी ओलांडून वेळासला मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचे, एवढाच आमचा आवाका आहे. पहिल्या रात्री गाडी किंचित उतारावर उभी राहिल्याने तव्यातले तेल एका कडेला जमून घावन अर्धे करपले, अर्धे कच्चे राहिले. तेव्हापासून चाकाखाली ठेवायचे लाकडी ठोकळे आणि गवंड्याची पाणसळ आम्ही सोबत बाळगतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १.२ युनिट वीज, तिच्यावर छोटा फ्रीज आणि पंखा रात्रभर चालतो, एसी मात्र चालत नाही, म्हणून मार्चनंतर आम्ही किनारा टाळतो. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले खरे, पण रात्री गाडी उभी करण्यासाठी आम्हाला अजूनही एखाद्या खानावळवाल्यालाच विचारावे लागते आणि तो जेवणाची ऑर्डर घेतल्याशिवाय होकार देत नाही (सोलकढी उत्तम असल्याने आमची त्याला हरकत नसते).