अठ्ठाविसावा खांब

वेरूळच्या दहाव्या लेण्याचे, म्हणजे ज्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात त्या विश्वकर्मा चैत्यगृहाचे, माणसांनी गजबजलेले तैलचित्र काढावे, ही दुर्बुद्धी मला निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सुचली. एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना आयुष्यभर यथादर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि लांबचे लहान दाखवण्याचे तंत्र, शिकवलेले असल्यामुळे, सुमारे ८६ फूट लांब, ४३ फूट रुंद आणि ३४ फूट उंच असे ते दगडी सभागृह चार बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर बसवणे मला मुळीच अवघड वाटले नाही. लेणे तेराशे वर्षांत जागचे हललेले नव्हते. हलणार होती ती माणसे, आणि तीही जालन्याहून सुट्टीला आलेली आमचीच.

ही सगळी वरात घेऊन मी पहिल्यांदा नेमका मंगळवारी वेरूळला पोहोचलो. त्या दिवशी लेणी बंद असतात, हे शहरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. दुसऱ्या दिवशी आत शिरताच पोरांना घुमणाऱ्या आवाजाचा शोध लागला, आणि छताच्या दगडी फासळ्या रेखाटताना प्रत्येक आरोळीसरशी माझी पेन्सिल एकेक फासळी जास्त काढू लागली.

घरी मांडणी सुरू झाल्यावर खरा तंटा पेटला. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा धरली, की सारख्या उंचीची माणसे कितीही लांब गेली तरी डोकी त्याच रेषेवर राहतात, फक्त पाय वर सरकत जातात, हे मी मेहुण्यांना दोरा ताणून समजावले. स्तूपाशेजारी आपण दोन बोटांएवढे उरलो आहोत, हे पाहून ते म्हणाले, “दाजी, सहा फुटांच्या माणसाची तुम्ही बाहुली केली की!” आत्याबाई मात्र अगदी पुढे, उजव्या रांगेला खेटून, नऊवारीच्या पूर्ण घेरासह उभ्या होत्या, त्यांना मागे ढकलण्याची छाती घरात कोणाचीच नव्हती.

खालचा थर टर्पेंटाइनने पातळ करायचा आणि वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यायचे, नाहीतर पुढे रंगाला भेगा पडतात, हा नियम मी निष्ठेने पाळला. पण मे महिन्यात कूलरशिवाय बसवेना, आणि कूलर लावला की त्याच्या गवताच्या काड्या उडून ओल्या रंगावर बसत. तिसऱ्या खांबावर रुतलेली काडी चिमट्याने काढण्याआधीच शेजारच्या सद्गृहस्थांनी “दगडातली चीर काय हुबेहूब उतरवलीत!” अशी दाद दिली, त्यामुळे ती तशीच राहिली.

चित्र पुरे झाल्याच्या संध्याकाळी सहावीतल्या भाच्याने पुस्तक उघडून खांब मोजायला घेतले. पुस्तकात अठ्ठावीस होते. स्तूपामागे वळून गेलेले समोरून दिसत नाहीत, हे त्याने मोठ्या मनाने मान्य केले, तरी उजव्या रांगेत दोन कमीच भरले. ते काढायचे मी साफ विसरलो होतो.

“ते आत्याबाईंच्या मागे आहेत,” मी म्हणालो.

आत्याबाईंनी चष्मा चढवला, चित्राजवळ येऊन स्वतःकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “मग मला जरा बाजूला सरकव की बाबा. देवाचे खांब झाकून मी कशाला उभी राहू?”