लाकडी माउथ ऑर्गनच्या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, "लाकडाच्या नावाखाली गंडवलं. आवाज माझ्या जुन्या प्लास्टिकवाल्यासारखाच. पंधरा दिवसांत दोन सूर फुसफुसायला लागले, विचारलं तर मालक वसकन अंगावर आले." त्या दिवशी माझा आवाज चढला, त्याची माफी मागतो. गिऱ्हाइकाशी असं बोलायला नको होतं.

पण "गंडवलं" हा शब्द फार लागला. दादरला वडिलांपासूनचं दुकान आहे, रिव्ह्यू वाचून लोक येतात हल्ली. तुम्ही काउंटरवर दोन्ही ऑर्गन वाजवून बघितलेत. तेव्हाच मी म्हणालो होतो, मधला कंगवा, म्हणजे हवेच्या खाचा असलेला भाग, लाकडाचा असो की प्लास्टिकचा, कानाला फरक जवळजवळ कळत नाही. पितळी रीड, म्हणजे आतली थरथरणारी पातळ जीभ, हवेचा झोत कापते, आवाज तिथून येतो. गिटारच्या पेटीसारखं लाकूड इथे घुमत नाही. फरक पडतो तो रीडखालच्या फटीने, कंगवा रीडच्या पट्टीला घट्ट बसतो की हवा गळते याने, आणि थोडा वरच्या झाकणाने, ते मागून किती उघडं आहे त्यावर. तरी "लाकडाचाच द्या, जुन्या गाण्यांना तोच गोड" असं तुम्हीच म्हणालात. होनर या जर्मन कंपनीचा १८९६ साली आलेला मरीन बँड हा माउथ ऑर्गन आजही नासपतीच्या लाकडाचा मिळतो, त्यामुळे लाकडाचा गोडवा लोकांच्या मनात बसलाय, हे मला कळतं. पण मी पैसे छापील किमतीचेच घेतले, एक रुपया वर नाही.

आता ते दोन सूर. ऑर्गन नळाखाली धुतल्याचं तुम्हीच सांगितलंत, जुना तसाच धुवायचात म्हणून. प्लास्टिकला ते चालतं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, त्यात ही पावसाळी हवा. कंगवा वाकडा झाला, पट्टीशी फट पडली, हवा गळायला लागली. माझा पारा तिथेच चढला.

धुऊ नका, हे विकतानाच सांगायला हवं होतं. गर्दीत राहून गेलं. यापुढे सांगत जाऊ, एखादी सूचनाही लावू.

ऑर्गन घेऊन या. कंगवा वाळवून, घासून सपाट करून देतो, मजुरी घेणार नाही. सकाळी अकरा ते एक मी स्वतः दुकानात असतो. तोवर कृपा करून त्याला उन्हात ठेवू नका, लाकूड तडकेल.