मे महिन्यात मोजलेल्या व्होल्टेजवर जानेवारीत विसंबू नका

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘सोलर लावताय? फसू नका’ असा एक मेसेज फिरतोय. सोसायट्यांच्या ग्रुपवर आहे, वायरमन मंडळींच्या ग्रुपवरही आहे. त्यात पाच सल्ले आहेत. पहिला, सगळे पॅनेल एकाच सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडा, व्होल्टेज वाढलं की वीज वाढते. दुसरा, उन्हाळ्यात भर दुपारी व्होल्टेज मोजा, ते इन्व्हर्टरच्या (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणाऱ्या यंत्राच्या) मर्यादेत बसलं की वर्षभर चिंता नाही. तिसरा, गच्चीवर सावली येत असेल तर पॅरलल (समांतर) करा, कारण सिरीजमध्ये एका पॅनेलवर सावली पडली की सगळे बंद. चौथा, इन्व्हर्टरपेक्षा जास्त किलोवॅटचे पॅनेल लावले की इन्व्हर्टर जळतो. पाचवा, डीसीचा वेगळा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारं बटण) हा फुकटचा खर्च, घरातला साधा चालतो.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण हे वाचून लोक फिटरशी वाद घालू लागलेत, आणि काही फिटर ऐकूही लागलेत. म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी दुसरा सल्ला घेतो, कारण नुकसान त्यानेच सर्वाधिक होणार आहे. ऊन कडक म्हणजे व्होल्टेज जास्त, हा समज उलटा आहे. ऊन वाढलं की पॅनेलचा करंट वाढतो, पण पॅनेल तापेल तसं व्होल्टेज उतरतं. सध्या सर्रास बसतं ते ५४० वॅटचं पॅनेल घ्या. मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचं व्होल्टेज) ४९.५ च्या आसपास लिहिलेलं असतं. हा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.२७ टक्के व्होल्टेज कमी होतं आणि त्याच्या खाली दर अंशाला तितकंच वाढतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा पॅनेलचे सेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतात. म्हणजे मेसेज ज्या वेळी मोजायला सांगतो, नेमकं त्याच वेळी व्होल्टेज वर्षातलं सर्वांत कमी असतं.

जुळे सोलापुरात माझ्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. बॅटरीवर चालणारा, वीज कंपनीच्या लाइनला न जोडलेला म्हणजे ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर, त्याच्या सोलर इनपुटची कमाल मर्यादा १४५ व्होल्ट. तीन पॅनेल सिरीजमध्ये जोडले. मे महिन्याच्या दुपारी मीटरवर १३२ दिसले आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, थंडीची लाट असताना, एका सकाळी इन्व्हर्टर गेला. हिशेब लेबलवरच होता. तीन पॅनेलचे २५ अंशांना १४८.५ व्होल्ट होतात, म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली गेली. सेल १० अंशांवर असताना तेच १५४ च्या वर जातात. ऊन नुकतं चढलेलं असतं, पॅनेल अजून गार असतात, ती वेळ सर्वांत अवघड. आणि कमाल व्होल्टेज ओलांडल्यामुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे भुर्दंड घरमालकालाच पडला.

मोठ्या सिस्टीमलाही हीच गोष्ट लागू आहे. वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या, म्हणजे ऑन-ग्रिड, घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा ६०० व्होल्टची मर्यादा असते. कुणी बारा पॅनेल एका ओळीत जोडले तर कागदावर ५९४ होतात, मे महिन्यात मीटर ५३० दाखवेल, आणि थंडीतल्या सकाळी ६१८. त्यात लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर पॅनेलकडून करंट घेणं थांबवतो आणि सगळी स्ट्रिंग (सिरीजमधल्या पॅनेलची ओळ) ओपन सर्किट व्होल्टेजवर जाते. म्हणून हिशेब नेहमी त्याच आकड्याने आणि गावातल्या सर्वांत थंड सकाळच्या तापमानाने करायचा.

आता पहिला सल्ला. व्होल्टेज वाढवून वीज तयार होत नाही. सहा पॅनेल कसेही जोडा, ३२४० वॅटचे ते ३२४० वॅटच राहतात, कारण सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं आणि पॅरललमध्ये करंट. सिरीजचा खरा फायदा वायरमध्ये आहे. गच्चीपासून खालपर्यंत २० मीटर अंतर, ४ चौरस मिलिमीटरची केबल, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे साधारण ०.२ ओहम. सहाही पॅनेल सिरीजमध्ये असतील तर १३ अँपिअर वाहतात आणि केबलमध्ये ३४ वॅट जातात. दोन-दोनच्या तीन जोड्या पॅरलल करून त्याच एका केबलने आणल्या तर ३९ अँपिअर वाहतात आणि ३०० वॅट नुसते केबल तापवण्यात जातात. जोड्या पॅरलल कराव्या लागल्याच तर खाली येणारी केबल जाड हवी.

आणि त्या कराव्या लागतात. १४५ व्होल्टच्या इन्व्हर्टरला सहा पॅनेल लावायचे तर दोन सिरीज, तीन पॅरलल: ९९ व्होल्ट, थंडीत १०३. तेच सहा पॅनेल ३ किलोवॅटच्या ऑन-ग्रिडला लावायचे तर सहाही सिरीज: २९७ व्होल्ट, थंडीत ३०९. पॅनेल तेच, पण इन्व्हर्टर बदलला की जोडणी बदलते. सगळ्यांना लागू पडणारा एकच नियम हवा, ही अपेक्षाच चुकीची आहे. मेसेजमध्ये नसलेली आणखी एक बाजू म्हणजे खालची मर्यादा. इन्व्हर्टर सुरू व्हायलाही ठरावीक व्होल्टेज लागतं. दोनच पॅनेलची स्ट्रिंग तापल्यावर चालू स्थितीत ७० व्होल्टवर येते, तेव्हा ज्या ऑन-ग्रिडला सुरू व्हायला १०० लागतात तो ऐन दुपारी गप्प बसतो.

सावलीचं म्हणणं जुन्या काळी काही अंशी खरं होतं. आजच्या पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड, म्हणजे करंटला वळणवाट देणारे भाग, असतात. सावली पडलेला भाग बाजूला ठेवून बाकीच्या स्ट्रिंगचा करंट पुढे जातो, त्यामुळे सहातल्या एका पॅनेलवर टाकीची सावली आली तर नुकसान बहुतेक त्या पॅनेलपुरतंच राहतं. उलट तीन-तीनच्या दोन स्ट्रिंग पॅरलल असतील तर सावलीतल्या स्ट्रिंगचं व्होल्टेज दुसरीपेक्षा खाली जातं, इन्व्हर्टर चांगल्या स्ट्रिंगच्या व्होल्टेजवर थांबतो आणि सावलीतल्या स्ट्रिंगचे उरलेले दोन पॅनेलही पुरेसं देत नाहीत. पॅरलल केल्याने इथे तोटा वाढू शकतो. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेले पॅनेल मात्र एका सिरीजमध्ये घालू नयेत. त्यांना दोन वेगळे एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे इन्व्हर्टरचे इनपुट) द्यावेत. आणि सावली बघायची ती डिसेंबरमध्ये. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सोलापुरात दुपारी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा टाकीची सावली टाकीच्या पायाशीच असते. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४९ अंशांच्या आसपासच चढतो आणि दीड मीटर उंचीच्या टाकीची सावली उत्तरेला सव्वा मीटरच्या पुढे जाते. सकाळी-संध्याकाळी तर आणखी लांब.

चौथ्या सल्ल्याला फार वेळ नको. इन्व्हर्टर जळतो तो जास्त व्होल्टेजने. किलोवॅट जास्त झाले तर तो झेपेल तेवढंच घेतो. आपल्या उन्हाळ्यात ५४० वॅटचं पॅनेल तापल्यावर ४५५ च्या आसपास देतं, त्यामुळे ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला साडेतीन किलोवॅटचे पॅनेल लावणं शहाणपणाचंच आहे. फक्त उत्पादकाने दिलेली पॅनेलच्या किलोवॅटची आणि शॉर्ट सर्किट करंटची (पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटची) मर्यादा पाळा. जुन्या इन्व्हर्टरच्या एका इनपुटची मर्यादा ११-१२ अँपिअरची असायची, आणि आजचं मोठं पॅनेल एकटंच १३ देतं.

पाचवा सल्ला मात्र कुणीही पाळू नये. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून साध्या एमसीबीतली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ३०० व्होल्ट डीसीवर साधा एमसीबी पाडला तर आतला आर्क जळत राहू शकतो आणि डबाच पेट घेऊ शकतो. डीसीडीबीमध्ये (पॅनेलकडच्या डीसी वायरिंगच्या डब्यात) डीसीचाच एमसीबी किंवा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) हवा, स्ट्रिंगच्या पूर्ण व्होल्टेजचा. चालू सिस्टीममध्ये गच्चीवरचे एमसीफोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारे प्लग) ओढायचे नाहीत, आधी इन्व्हर्टर बंद, मग आयसोलेटर. तीन किंवा जास्त स्ट्रिंग पॅरलल असतील तर प्रत्येकीला डीसी फ्यूजही लागतो. एका स्ट्रिंगमध्ये बिघाड झाला तर उरलेल्या दोघींचा मिळून २७.७ अँपिअर तिच्यात उलटा घुसू शकतो, आणि अशा पॅनेलच्या लेबलवर फ्यूजची कमाल मर्यादा साधारण २५ असते.